क्लारा शूमानचे हिवाळे : एक पत्र

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

जर्मन पियानोवादक क्लारा शूमानच्या हिवाळी दौऱ्यांवरच्या लेखाचा तुझा मसुदा मिळाला. दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दिवाळी अंकाला अजून अवकाश आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे. तू कष्ट घेतले आहेस हे पानापानावर दिसतं. पण मी पहिल्याच परिच्छेदात अडखळले. क्लारा शूमान आगगाडीच्या खिडकीशी बसली आहे, बाहेर बर्फ पडतो आहे, आणि 'मागे राहिलेल्या सात लेकरांच्या आठवणीने तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळत आहेत'. हे तुला कुठे मिळालं? कुठेच मिळालं नसणार. तिच्या रोजनिशीतला मजकूर छापलेला आहे, पत्रांचे गठ्ठे आहेत, कार्यक्रमपत्रिका आहेत. ज्या बाईने इतकं लिहून ठेवलं तिच्या डोळ्यांत आपण आपलं पाणी घालू नये. तो परिच्छेद काढ.

पुढे 'मुलांना सोडून' हे शब्द अकरा वेळा आले आहेत. मी मोजले. चौथ्या पानावर तीच बाई 'त्यागमूर्ती' झाली आहे. या दोन्ही शब्दांनी एकच काम केलंय. तिने काय केलं, कसं केलं, कुठल्या गाडीने गेली आणि किती पैसे घेऊन परत आली, हे बघायचं तुला उरलंच नाही. आईपणाचा निकाल आधी लागला आणि प्रवास मागे राहिला. लेखाचा विषय तर प्रवास आहे.

आधी एक ढोबळ चूक. 1844च्या जानेवारीत क्लारा आणि तिचा नवरा, संगीतकार रॉबर्ट, रशियाला निघाले, तो सगळा प्रवास तू आगगाडीत घडवला आहेस. लाइपझिगहून बर्लिनपर्यंत रूळ होते. त्यापुढे पूर्वेला, कोनिग्सबर्गच्या दिशेने, तेव्हा रेल्वे पोचलीच नव्हती. टपालगाड्या आणि बर्फावरच्या घसरगाड्या, असे ते रीगा, दोर्पात करत पीटर्सबर्गला आणि तिथून मॉस्कोला गेले. मारी अडीच वर्षांची होती आणि एलीझेला वर्षही झालं नव्हतं. दोघींना श्नेबर्गला रॉबर्टच्या भावाकडे ठेवलं होतं. आईवडील परत आले ते मे महिन्यात. आता हाच रस्ता वीस वर्षांनी बघ. 1851मध्ये पीटर्सबर्ग–मॉस्को मार्ग सुरू झाला, 1857मध्ये दिर्शाउला विस्तुला नदीवर पूल झाला, आणि 1860 नंतरच्या दोन-तीन वर्षांत पीटर्सबर्ग प्रशियाच्या रुळांना जोडलं गेलं. 1864मध्ये क्लारा पुन्हा रशियाला गेली तेव्हा हद्दीवर गाडी बदलावी लागे, कारण रशियाचे रूळ रुंद. पण घसरगाडीची गरज उरली नव्हती. एकाच बाईने एकच वाट आयुष्यात दोनदा, दोन वेगळ्या युगांत केली. तू हे एका ओळीत गुंडाळलंस आणि त्या ओळीतही गाडी चुकीची. यावर एक अख्खं पान लिही.

प्रत्येक प्रवासाला हाच नियम लाव. साल घे, दोन गावं घे, आणि त्या साली त्या दोन गावांमध्ये रूळ होते का ते बघ. 1855च्या जानेवारीत ती हॉलंडच्या दौऱ्यावर निघाली. शूमान कुटुंबाचा स्नेही, तरुण संगीतकार ब्राम्स तिला पोचवायला एमेरिचपर्यंत गेला, हे तू लिहिलं आहेस आणि त्या दोघांना डब्यात समोरासमोर बसवलं आहेस. एमेरिचला रेल्वे आली 1856मध्ये. तो डबाच नव्हता. निरोपाचा प्रसंग चित्रपटासारखा रंगवण्याच्या भरात हे होतं. मीही तरुणपणी असं केलेलं आहे, म्हणून लगेच ओळखू येतं.

आता हिवाळाच का, हा प्रश्न. तू लिहितेस की परिस्थितीने तिला कडाक्याच्या थंडीत घराबाहेर ढकललं. तसं नाही. तिकडे संगीताचा हंगामच हिवाळ्याचा. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत शहरांतली वर्गणीदारांच्या कार्यक्रमांची मालिका चाले, उन्हाळ्यात पैसेवाले लोक आरोग्यस्नानाच्या गावी आणि डोंगरांत निघून जात. आपल्याकडे नाटक कंपन्यांचा दौरा दसऱ्यानंतर निघायचा आणि पावसाच्या आत परतायचा, तसंच हे. हंगामात पोट भरायचं तर हंगामातच फिरायला हवं. तिकडे हंगाम आणि बर्फ एकत्र येत, एवढंच.

तो बर्फ मात्र नीट लिही, कारण तिथे लिहिण्यासारखं खूप आहे. तेव्हाच्या डब्यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारी वाट नसे. प्रत्येक खण वेगळा, दारं थेट फलाटावर उघडणारी. गाडी चालू असताना तिकीट तपासनीस डब्याच्या बाहेरच्या पायरीवरून, दांडा धरून, खणाखणाशी येई. शौचाची सोय गाडीत बहुधा नसेच, जे काय ते स्टेशनावर. ऊब म्हणजे पायाखाली ठेवलेला गरम पाण्याचा पत्र्याचा डबा किंवा तापवलेल्या वाळूची पेटी, तीसुद्धा वरच्या वर्गांत. पाणी तासा-दीड तासात निवत असणार. इंजिनाच्या वाफेने डबे गरम करण्याची सोय शतकाच्या शेवटच्या दशकांत पसरली, तोवर क्लाराचं अर्धंअधिक फिरणं होऊन गेलं होतं. आता हे तिच्या धंद्याशी जोड. ती पियानोवादक होती. तिला संध्याकाळी दोन्ही हातांची बोटं जागेवर लागत. गायिकेने गळा जपावा तसे तिला हात जपावे लागत, आणि दिवसभर ती त्या डब्यात बसलेली. तिच्या हाताच्या दुखण्याच्या नोंदी 1850च्या दशकापासून येतात. 1873–74च्या सुमाराला ते इतकं वाढलं की कार्यक्रम सोडावे लागले. ते दुखणं थंडीनेच झालं असं म्हणायला आधार नाही, म्हणून तसं लिहू नकोस. डबा कसा होता आणि हात कसे दुखत, हे शेजारी शेजारी ठेव. वाचकाला त्यावर काही सांगावं लागणार नाही.

पैशांचंही एक प्रकरण कर. उत्तर जर्मनीत थेलर, दक्षिणेला गुल्डेन, आणि चार थेलरांचे सात गुल्डेन. हॉलंडचं नाणं वेगळं, इंग्लंडचं वेगळं, रशियाचा रुबल वेगळा. घड्याळंसुद्धा गावोगावची वेगवेगळी. साऱ्या जर्मनीत कायद्याने एकच वेळ आली ती 1 एप्रिल 1893 रोजी, आणि तोवर क्लाराने जाहीर वादन थांबवून दोन वर्षं झाली होती. गावात उतरायचं, सभागृह ठरलेलं आहे का बघायचं, पियानो कुठला मिळणार ते विचारायचं, त्याचे सूर लावून घ्यायचे, तिकिटं छापली का, दिवाबत्तीचा आणि शेगडीचा खर्च कोणाकडे, बरोबर गाणारी कोण. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला पत्रं. लहानपणी हे सगळं तिचा बाप बघत असे. मोठेपणी बराच काळ ती स्वतः बघत होती. तू तिला 'संगीताची देवता' म्हणतेस. मला विचारशील तर ती एक अतिशय तयारीची व्यवस्थापक होती, आणि हे सांगितल्याने तिच्या वादनाला कुठे उणेपणा येत नाही.

आता मुलांकडे येते. तुला टोकलं तरी मुलांवाचून हा लेख होणार नाही, हे मलाही कळतं. पण मुलं एका ओळीत 'सात लेकरं' म्हणून आणू नकोस. त्यांना नावं आहेत, वयं आहेत आणि पत्ते आहेत. 27 फेब्रुवारी 1854ला रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. मार्चच्या सुरुवातीला त्याला बॉनजवळ एन्डेनिशच्या मनोरुग्णालयात नेलं. तेव्हा मारी बारा वर्षांची, एलीझे दहाची, जुली आठची, लुडविग सहाचा, फर्डिनंड चारचा, ओयगेनी दोनची, आणि फेलिक्स पोटात. एमील 1847मध्येच दीड वर्षाचाही न होता गेला होता. क्लारा तेव्हा चौतीस वर्षांची. लोकांनी तिच्यासाठी मदतीचे कार्यक्रम करू म्हटलं, ते तिने नाकारले. ऑक्टोबरमध्ये ती निघाली. लाइपझिग, वायमार, फ्रांकफुर्ट, हॅम्बुर्ग, ब्रेसलाउ, बर्लिन. नाताळला ड्युसेलडॉर्फच्या घरी. जानेवारीत हॉलंड. पुढच्या हिवाळ्यात व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग. एप्रिल 1856मध्ये पहिल्यांदा इंग्लंड. आपल्या बोरीबंदर–ठाणे गाडीला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. इतका नवा होता सगळीकडेच हा प्रवासाचा प्रकार.

त्या वर्षांत घर एका गावात राहिलं नाही. थोरल्या दोघी लाइपझिगला शिकायला. जुली बर्लिनला आजीकडे, म्हणजे क्लाराच्या आईकडे. मुलगे पुढे बॉनला एका वसतिगृहात. धाकटी दोन ड्युसेलडॉर्फला, बेर्टा नावाच्या कामवाल्या बाईच्या हाताखाली. आता रेल्वेचा नकाशा घे आणि त्यावर ही चार गावं पेन्सिलीने लाव. मग तिच्या कार्यक्रमांची गावं लाव. मी हे एकदा केलं होतं, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून. दुपारची बसले ती दिवे लागले तरी उठले नाही. कुठल्या गावाहून कुठल्या मुलाला वाटेत भेटता येईल हे त्या नकाशावर दिसायला लागतं. 1857मध्ये तिने बिऱ्हाड बर्लिनला हलवलं. तिथे तिची आई होती, आणि तिथून चारी दिशांना रूळ जात होते. हे दुसरं कारण तिने दिलेलं नाही, मी नकाशावरून म्हणते आहे. लिहिशील तर तसंच सांगून लिही.

ब्राम्सविषयी. त्या दोघांचं प्रेम होतं का, यावर तू अडीच पानं खर्च केली आहेस. त्यातल्या दोन ओळी ठेव. त्याऐवजी हे लिही की बावीसही न गाठलेला तो मुलगा त्या घरात राहून रॉबर्टची जमाखर्चाची वही पुढे चालवत होता. घरभाडं, टपालखर्च, मोलकरणीचा पगार. क्लारा गावोगाव वाजवून जे पैसे मिळवत होती ते घरी येऊन कसे खर्च होत, हे त्या वहीत उतरलं आहे. मला त्या वहीत जितकं प्रेम दिसतं तितकं तुझ्या अडीच पानांत दिसलं नाही.

आणखी एक आरोप तू जाताजाता केला आहेस. 'नवरा बॉनला आजारी असताना ती त्याला भेटायलाही गेली नाही.' डॉक्टरांनी भेटू दिलं नव्हतं. 27 जुलै 1856ला तिने त्याला पाहिलं ते जवळजवळ अडीच वर्षांनी, आणि 29ला तो गेला. हे वाक्य जसंच्या तसं छापलं गेलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं. दुरुस्त कर.

मी एवढी का चिडते, तेही सांगून टाकते. तुला माहीत नाही, माझी आई नाटक कंपनीत होती. मी आणि धाकटा भाऊ मिरजेला मावशीकडे वाढलो. आई दसऱ्याला जायची, आणि तिचं अक्षर आम्हाला मनीऑर्डरच्या कुपनावर दिसायचं. तिथे लिहायला जागा केवढी, चार बोटं. 'अमरावती. तीन प्रयोग झाले. पुढे अकोला. अण्णाला बूट घ्यावेत, नवे, मोठ्या मापाचे.' एवढंच. लोक माझ्याकडे बघून हळहळायचे, 'आईची आठवण येते का गं?' येत होती. पण मला राग यायचा तो आईचा नव्हे, त्या विचारणाऱ्यांचा. कारण बूट आले होते, मोठ्या मापाचे, आणि त्याबद्दल कोणी एक शब्द बोलत नसे. तुझ्या मसुद्यात मला तेच लोक भेटले. म्हणून पेन्सिल जरा जोरात चालली.

याचा अर्थ मुलांचं दुःख झाक असा मुळीच नाही. लुडविगला 1870मध्ये मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. फर्डिनंड युद्धावर गेला, नंतर मॉर्फिनच्या आहारी गेला, आणि त्याच्या मुलांचा भार म्हाताऱ्या क्लारावर आला. फेलिक्स 1879मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. ओयगेनीने उतारवयात आठवणी लिहिल्या; त्या मिळव आणि सावकाश वाच. वसतिगृहांत राहिलेल्या मुलीचं म्हणणं तिच्याच तोंडून येऊ दे, तुझ्या किंवा माझ्या नव्हे. त्यात तुला बाडेनजवळच्या लिष्टेन्टालचं घर भेटेल. 1863पासून दहा वर्षं उन्हाळ्यात सगळी तिथे जमत. हिवाळ्याविषयी लिहिताना तो उन्हाळा विसरू नकोस. हंगाम संपला की गाड्या उलट दिशेला धावत होत्या, आणि त्यांतून मुलं येत होती.

जुलीचा प्रसंग तू घेतलाच नाहीस याचं मला नवल वाटलं. 1872चा नोव्हेंबर. जुली लग्न होऊन इटलीला गेलेली, क्षयाने आजारी, पॅरिसला वारली. बातमी क्लाराला हायडेलबर्गला मिळाली, त्याच संध्याकाळी तिथे कार्यक्रम होता. बरोबर गायला अमाली योआखिम होती. क्लाराने कार्यक्रम केला, आणि नंतर सांगितलं. या प्रसंगावर तुला खूप लिहावंसं वाटेल. लिहू नकोस. चार वाक्यं पुरेत.

मात्र 1868चं पत्र सविस्तर घे. ब्राम्सने तिला सुचवलं होतं की आता हे फिरणं कमी कर. ती दुखावली. तिने उत्तरात लिहिलं त्याचा मथितार्थ असा : तू याकडे पैसे मिळवण्याचं साधन म्हणून बघतोस, मी तसं बघत नाही, ही कला मी श्वास घेते ती हवा आहे. तुझ्या मसुद्यातली क्लारा पोटासाठी आणि मुलांसाठी फिरते, म्हणून तू तिला माफ करतेस. पण तिला स्वतःला फिरायचं होतं. गरज होती तेव्हा ती गेली, गरज कमी झाली तेव्हाही गेली. इंग्लंडला एकूण एकोणीस वेळा गेली, शेवटचं 1888मध्ये, समुद्र ओलांडून, सत्तरीला टेकलेली असताना. 1828 ते 1891 या काळातल्या तिच्या 1,300हून अधिक कार्यक्रमपत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. लेकरांच्या पोटासाठी कोणी तेराशे वेळा वाजवत नाही. ही गोष्ट तुला अडचणीची वाटेल, कारण मग तिला माफ करायला कारण उरत नाही. मला वाटतं तुझा लेख या अडचणीपाशी येऊन उभा राहिला पाहिजे. आत्ता तो तिच्या पुष्कळ अलीकडे थांबतो.

थोरली मारी विसरू नकोस. पुढच्या दौऱ्यांत ती आईबरोबर असे, सामान, पत्रव्यवहार, शिष्यांची तयारी, सगळं तिच्याकडे. आयुष्यभर तिने लग्न केलं नाही. तिच्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस, आणि मी आजवर वाचलेल्या लेखांतही ती क्वचितच सापडते. तुला कोणी न लिहिलेलं काही लिहायचं असेल तर ते बहुधा तिथे आहे.

आता काय करायचं ते. पूर्ण मसुदा पुन्हा लिहायला बसू नकोस, दमशील. आधी एक मोठा कागद घे, डावीकडे तारखा, मग गाव, मग गाडी की घोडागाडी की बोट, मग त्या दिवशी कुठलं मूल कुठे. ऑक्टोबर 1854 ते जुलै 1856, एवढंच भर. जिथे माहिती नसेल ती चौकट रिकामी ठेव, अंदाजाने भरू नकोस. तो कागद मला पाठव. मसुदा नंतर.

आणि सुरुवात कुठून करू असं विचारशील म्हणून सांगते. फेलिक्स जन्मला 11 जून 1854ला. गाडी निघाली ऑक्टोबरात. मधले चार महिने तुझ्या लेखात नाहीत. तान्हं मूल आहे, नवऱ्याची खबर डॉक्टरांच्या पत्रातून येते आहे, आणि ती हिवाळ्यातल्या गावांना एकेक पत्र लिहीत बसली आहे. तिथून सुरू कर.

तुझी,
बाई